हुकूमशहाचा वारस

घरातला कर्ता माणूस वारला, की दिवसकार्य आटोपल्यावर मुलांना तलाठ्याकडे जावे लागते. वारसाची नोंद करायची असते. सातबाऱ्याचा उतारा हाती येतो. जमीन किती, आकार किती, पीक कोणते, हे सगळे आपण वाचतोच. पण जाणता शेतकरी आधी बोट ठेवतो ते ‘इतर हक्क’ या रकान्यावर. सोसायटीचा बोजा असेल, बँकेचे कर्ज असेल, ते तिथे लिहिलेले असते. वारसाला जमीन मिळते, तसा हा बोजाही मिळतो. ‘रान माझे, कर्ज तेवढे वडिलांचे’ असे म्हणून भागत नाही.

हे आज सांगायचे कारण असे, की मागे वर्गात मी हुकूमशाहीवर बोलत असताना मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला, “सर, बापाने पाप केले म्हणून मुलाने राजकारणात येऊच नये का? त्याचा काय गुन्हा?” प्रश्न सरळ होता. मी तेव्हा काहीतरी उत्तर दिले, पण माझे मलाच ते पटले नाही. घरी आल्यावर मी एका मुलाचे चरित्र पुन्हा वाचून काढले. तेच आज तुमच्यापुढे मांडणार आहे. निकाल मी देत नाही. तो तुम्ही द्या.

हा मुलगा फिलिपीन्स देशाचा. हा देश म्हणजे सात हजारांहून अधिक बेटांचा पुंजका. तिथला माणूस आपल्या कोकणातल्यासारखाच भात आणि मासळी खाणारा. तीनशेहून अधिक वर्षे स्पेनचे राज्य, मग अर्धशतकभर अमेरिकेचे, आणि १९४६ साली स्वातंत्र्य. या देशाचे एक नाव आपल्या कानांवरून नेहमी गेलेले आहे. रामोन मॅगसेसे हे तिथले लोकप्रिय अध्यक्ष. १९५७ च्या मार्चमध्ये विमान अपघातात ते गेले. त्यांच्या नावाने जे पारितोषिक सुरू झाले, ते पहिल्याच वर्षी, १९५८ साली, भूदानासाठी पायी हिंडणाऱ्या आपल्या विनोबांना मिळाले. पुढे बाबा आमट्यांनाही मिळाले. तेव्हा तो देश आपल्याला अगदीच परका नाही.

मॅगसेसे गेले त्याच वर्षी, १३ सप्टेंबर १९५७ रोजी, फर्डिनांड मार्कोस नावाच्या एका हुशार वकील-पुढाऱ्याच्या घरी मुलगा झाला. बापाचेच नाव त्याला ठेवले. पण घरात आणि पुढे जगात तो ‘बाँगबाँग’ म्हणूनच ओळखला गेला. १९६५ साली बाप अध्यक्षपदाला उभा राहिला, तेव्हा त्याच्या आयुष्यावर एक चित्रपट निघाला. त्यात हा लहानगा मुलगा स्वतःच्याच भूमिकेत होता. म्हणजे पाहा, अक्षरे गिरवायच्या वयातच त्याने बापाच्या प्रचारात काम केले! बाप निवडून आला आणि हे कुटुंब मालाकान्यांग नावाच्या राजवाड्यात राहायला गेले. मुलगा आठ वर्षांचा होता.

१९६९ साली मार्कोस दुसऱ्यांदा निवडून आला. घटनेप्रमाणे तिसऱ्यांदा लागोपाठ उभे राहता येत नव्हते. मग त्याने घटनाच बाजूला सारली. सप्टेंबर १९७२ मध्ये त्याने लष्करी कायदा पुकारला. हुकुमावर तारीख २१ सप्टेंबरची आहे. संसद बंद, वर्तमानपत्रे बंद, विरोधक तुरुंगात. कारण दिले ते कम्युनिस्टांच्या बंडाचे आणि देशाच्या शिस्तीचे. ‘शिस्त’ हा शब्द हुकूमशहांना फार आवडतो. कानाला तो गोड लागतो, आणि सुरुवातीला रस्तेही स्वच्छ दिसतात. पण त्या काळाचा हिशेब अभ्यासकांनी मांडला आहे तो असा: सुमारे ७० हजार लोक तुरुंगात, ३४ हजारांचा छळ आणि तीन हजारांहून अधिक लोकांचा बळी. पुढे २०१३ साली कायदा होऊन नुकसानभरपाई देताना सरकारी मंडळाने कागदपत्रे तपासून ११,१०३ जणांना अत्याचारपीडित म्हणून रीतसर मान्यता दिली. भरपाईचा पैसा कुठून आला, ठाऊक आहे? मार्कोसने स्वित्झर्लंडच्या बँकांत ठेवलेल्या पैशांतून.

आता शेतकरी श्रोत्यांनी नीट ऐकावे असा भाग. फिलिपीन्समध्ये लॉस बान्योस येथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे. ‘आयआर-८’ हे भाताचे प्रसिद्ध वाण १९६६ साली तिथूनच बाहेर पडले, आणि ते आपल्याकडच्या शेतांतही आले. या नव्या बियाण्याच्या जोरावर मार्कोसने १९७३ साली ‘मासागाना ९९’ नावाची योजना काढली. बी, खत, औषध आणि तारणाशिवाय कर्ज! उत्पादन वाढले. काही वर्षे देश भाताच्या बाबतीत स्वयंपूर्णही झाला. हे खरे आहे, आणि खरे ते सांगितलेच पाहिजे. पण कर्जे फिटली नाहीत, शेकडो ग्रामीण बँका बुडाल्या आणि योजना गुंडाळावी लागली. खत-औषधाचा खर्च मात्र शेतकऱ्याच्या गळ्यात कायमचा पडला.

तसाच दुसरा नमुना बातान येथील अणुवीज केंद्राचा. दोन अब्ज डॉलरांहून अधिक खर्च झाला. त्यातून विजेचे एक युनिटही कधी निघाले नाही. कर्जाचा शेवटचा हप्ता जनतेने २००७ साली फेडला. १९८६ मध्ये देशाचे परदेशी कर्ज २६ अब्ज डॉलरांच्या वर गेले होते. मार्कोस घराण्याने लुबाडलेली मालमत्ता पाच ते दहा अब्ज डॉलरांची असावी, असा अंदाज आहे. त्यातले स्वित्झर्लंडमधले सुमारे ६५ कोटी ८० लाख डॉलर २००३ साली फिलिपीन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारजमा केले. अध्यक्षाच्या कायदेशीर पगारातून इतका पैसा साठणे शक्यच नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

आणि या सगळ्या काळात मुलगा काय करीत होता? लष्करी कायदा आला तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. त्या पोराला कोण दोष देईल? त्याला शिकायला इंग्लंडला पाठवले. तो ऑक्सफर्डला गेला. तिथली पदवी मात्र त्याला मिळाली नाही. १९७८ साली समाजशास्त्राचा एक विशेष डिप्लोमा तेवढा मिळाला. पुढे अमेरिकेत व्यवसाय-व्यवस्थापन शिकायला गेला, तोही अभ्यास अपुरा राहिला. पण नोकरीची चिंता नव्हती. १९८० साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, वडिलांच्या इलोकोस नॉर्ते या प्रांताचा तो उपराज्यपाल झाला. समोर उमेदवारच नव्हता. १९८३ साली राज्यपाल झाला. इथे आपल्या गोष्टीला वळण लागते. पंधराव्या वर्षी तो नुसता मुलगा होता; पंचविशीत तो त्या राजवटीचा अधिकारी झाला.

त्याच १९८३ साली, २१ ऑगस्टला, बेनिग्नो अक्विनो हा विरोधी पुढारी परदेशातून मायदेशी परतला. विमानातून उतरवून नेत असतानाच मनिलाच्या विमानतळावर त्याला गोळी घातली गेली. त्या एका गोळीने लोकांची भीती मेली, असे म्हणतात. १९८४ आणि १९८५ या दोन वर्षांत देशाचे उत्पन्न दरसाल सुमारे सात टक्क्यांनी घटले. शेवटी मार्कोसने फेब्रुवारी १९८६ मध्ये मुदतीआधीच निवडणूक घेतली. समोर उभी राहिली अक्विनोची विधवा, कोराझॉन. मते मोजताना गैरप्रकार होताहेत हे पाहून मोजणीच्या यंत्रांवरच्या मुलामुलींनी काम सोडले आणि त्या बाहेर चालत्या झाल्या. साधी पगारी माणसे. पण त्यांच्या त्या उठण्याने सिंहासन हलले.

पुढचे चार दिवस, २२ ते २५ फेब्रुवारी, मनिलाच्या एद्सा या हमरस्त्यावर लाखो माणसे रणगाड्यांसमोर बसून राहिली. मला नभोवाणीवर बोलताना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. लोकांना रस्त्यावर बोलावले ते रेडिओने. ‘रेडिओ व्हेरितास’ या केंद्रावरून धर्मगुरू कार्डिनल सिन यांनी हाक दिली. सैनिकांनी त्या केंद्राचे प्रक्षेपण यंत्र मोडले, तेव्हा निवेदिका दुसऱ्या जागी गेली आणि रात्रभर बोलत राहिली. बंदुकीपेक्षा आवाज मोठा ठरला तो असा.

२५ तारखेला मार्कोसने राजवाड्याच्या सज्जातून अखेरचे दर्शन दिले. शेजारी अठ्ठावीस वर्षांचा बाँगबाँग होता, अंगावर लष्करी पोशाख. त्याच रात्री अमेरिकन हेलिकॉप्टरांतून सारे कुटुंब पळाले आणि हवाई बेटावर पोहोचले. मागे राजवाड्यात आई इमेल्डाबाईंचे हजाराहून अधिक बुटांचे जोड सापडले. बाप १९८९ साली तिकडेच वारला.

श्रोतेहो, एखाद्या नाटकात इथे पडदा पडला असता. पण इतिहासाला पडदा नसतो.

१९९१ साली सरकारने या कुटुंबाला परत येऊ दिले. आता आपला बाँगबाँग चौतिशीचा गृहस्थ झाला होता, तेव्हा यापुढे त्यांना अहोजाहो केले पाहिजे. १९९२ साली ते आपल्या प्रांतातून संसदेत निवडून आले. १९९५ साली सिनेटच्या निवडणुकीत हरले. त्याच वर्षी राज्यपाल असतानाची प्राप्तिकराची विवरणपत्रे न भरल्याबद्दल न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. १९९७ साली वरच्या न्यायालयाने कैद रद्द केली आणि दंड कायम ठेवला. मग ते १९९८ ते २००७ पर्यंत नऊ वर्षे त्याच प्रांताचे राज्यपाल, नंतर पुन्हा संसदेत, २०१० साली सिनेटर. २०१६ साली उपाध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि लेनी रोब्रेदो या बाईंकडून २,६३,४७३ मतांनी हरले. कोर्टात गेले. तीन प्रांतांतली मते फेरमोजली, तर बाईंची आघाडी उलट थोडी वाढलीच. २०२१ साली तक्रार फेटाळली गेली.

एक मात्र त्यांना साधले. बाताक या गावी बापाचा देह पुरल्याविना जतन करून ठेवलेला होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये न्यायालयाच्या बहुमताच्या निकालानंतर तो राष्ट्रवीरांच्या दफनभूमीत पुरला गेला. आणि ९ मे २०२२ रोजी मुलगा अध्यक्ष झाला. मते पडली ३ कोटी १६ लाख. रोब्रेदोबाईंना १ कोटी ५० लाख. बळजोरीने नव्हे, मतपेटीतून. बापाला ज्या राजवाड्यातून पळावे लागले, त्याच राजवाड्यात छत्तीस वर्षांनी मुलगा गेला.

तुम्ही विचाराल, हे झाले कसे? लोक वेडे होते काय? मुळीच नाही. लोकांना वेडे म्हणणे हा शिकलेल्या माणसांचा आळस आहे. कारणे पाहू या.

पहिले कारण, क्रांतीनंतर आलेल्यांनी गरिबाला फार काही दिले नाही. कोराझॉनबाईंच्या माहेरचीच मोठी हॅसिएंडा होती, उसाची. राज्य आल्याला वर्षही झाले नव्हते; २२ जानेवारी १९८७ रोजी जमीन मागायला मोर्चाने आलेल्या शेतकऱ्यांवर मनिलात मेंडिओला पुलापाशी गोळीबार झाला आणि बारा-तेरा माणसे मेली. राज्य बदलले, घराणी तीच राहिली. ज्याच्या पदरात काही पडले नाही, त्याला जुने दिवस बरे वाटू लागतात.

दुसरे कारण मोठे आहे आणि ते आपल्या शिक्षक श्रोत्यांसाठी आहे. २०२२ च्या मतदारांपैकी निम्म्याहून अधिक ४१ वर्षांच्या आतले होते. म्हणजे १९८६ साली ते एक तर जन्मले नव्हते, नाही तर पाच वर्षांच्या आत होते. त्यांनी तो काळ पाहिला नव्हता. शाळेत धडा एक-दोन पानांचा. आणि हातातल्या मोबाइलवर मात्र रोज सांगितले जात होते, की तो सुवर्णकाळ होता; रस्ते होते, पूल होते, तांदूळ स्वस्त होता. उमेदवार स्वतः ‘एकी, एकी’ म्हणत राहिले आणि बहुतेक जाहीर वादसभांना गेले नाहीत. ज्या पाटीवर काहीच लिहिलेले नाही, तिच्यावर कोणीही काहीही लिहून जातो.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. वाल्या कोळ्याची गोष्ट आपण सगळे मुलांना सांगतो. नारदाने विचारले, तुझ्या पापाचा वाटा बायकामुले घेतील काय? वाल्याने घरी जाऊन विचारले, तर सगळ्यांनी हात झटकले. न्याय बरोबर आहे. पाप ज्याचे त्याला. पण त्या गोष्टीत एक प्रश्न आपण विचारायचा विसरतो. लुटीचे जे धान्य घरात आले होते, त्याच्या भाकरी कोणी खाल्ल्या?

बाँगबाँग मार्कोस यांना बापाच्या गुन्ह्यासाठी फाशी द्या, असे कोणी म्हणत नव्हते. लोकांचे मागणे लहान होते: झाले ते वाईट झाले एवढे कबूल करा, आणि जे देणे आहे ते द्या. त्यांचे उत्तर साधारण असे असे, की रस्ते बांधले, भात पिकवला, याबद्दल मी क्षमा मागू? ३० जून २०२२ च्या शपथविधीतही त्यांनी बापाचे रस्ते आणि भातच आठवले. शिवाय त्या इस्टेटीवरचा २३ अब्ज पेसोंचा वारसा-कर वर्षानुवर्षे थकलेला होता. व्याज-दंड धरून तो २०३ अब्जांवर गेल्याचे प्रचारात विरोधकांनी मांडले. मालमत्तेचा वाद कोर्टात आहे, असे त्यांच्या बाजूचे म्हणणे. अमेरिकेतल्या न्यायालयाने १९९५ साली नऊ हजारांहून अधिक पीडितांना जवळजवळ दोन अब्ज डॉलर द्यावेत असा निकाल मार्कोसच्या इस्टेटीविरुद्ध दिला होता. त्याचाही फार थोडा भाग पीडितांच्या हाती आला.

म्हणजे सातबाऱ्यावर नाव लागले, पण ‘इतर हक्क’ या रकान्याकडे बोट गेले नाही. बापाचे नाव घेतले, प्रांत घेतला, मते घेतली. बोजा तेवढा दुसऱ्यांचा! मी त्या विद्यार्थ्याला आता सांगेन: बाळ, हुकूमशहाच्या मुलाने राजकारणात जरूर यावे. जन्माने कोणी अपराधी होत नाही. पण वारसा सांगायचा असेल, तर उतारा पुरा वाचायचा.

त्यांच्या कारभाराबद्दलही दोन शब्द. बापाप्रमाणे त्यांनी लष्करी कायदा पुकारून सत्ता घेतली नाही, हा फरक नोंदवला पाहिजे. प्रचारात तांदूळ २० पेसो किलो करण्याची आकांक्षा त्यांनी बोलून दाखवली होती, आणि शेतीखाते स्वतःकडे घेतले. पण २०२२ अखेरीस तिथे कांदा किलोला ६०० पेसोंवर गेला, मांसाहूनही महाग! आपल्या नाशिककडच्या श्रोत्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. सप्टेंबर २०२३ मध्ये तांदळाच्या भावाला ४१ आणि ४५ पेसोंची मर्यादा घालावी लागली, आणि नोव्हेंबरात शेतीखाते दुसऱ्याकडे गेले. २० पेसोंचा तांदूळ २०२५ च्या मे महिन्यात काही भागांत, ठराविक लोकांना, सरकारी तोटा सोसून मिळू लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये ते आपल्या देशातही राजकीय भेटीसाठी येऊन गेले.

त्याच सप्टेंबर २०२३ ची आणखी एक बातमी शिक्षकांनी ध्यानात ठेवावी. तिथल्या सहावीच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात ‘मार्कोसची हुकूमशाही’ असे शब्द होते. त्यांतला ‘मार्कोस’ गेला, नुसती ‘हुकूमशाही’ राहिली. तज्ज्ञांनी विचार करून हे केले, असे खात्याने सांगितले. असेलही. पण हुकूमशाही वाऱ्यावर येते काय? तिला कर्ता नसतो काय? आपण मराठी शिकवतो, तेव्हा वाक्यात कर्ता शोधायला मुलांना पहिल्यांदा सांगतो. कर्ता काढून टाकला, की जाब कोणाला विचारायचा?

आणि तरीही लोक विसरत नाहीत. २०२५ साली पूरनियंत्रणाच्या कामांत मोठा भ्रष्टाचार उघडकीस आला. बंधारे कागदावर, पाणी घरात. अध्यक्षांनी स्वतःच जुलैच्या भाषणात संबंधितांना लाज बाळगा म्हणून सुनावले होते. लोक रस्त्यावर आले आणि त्यांनी तारीख निवडली २१ सप्टेंबर. तीच, १९७२ च्या हुकुमावरची. त्या मोर्च्यांत पुष्कळ विशीतली मुले होती. त्यांना ती तारीख कोणीतरी सांगितली असली पाहिजे. एखाद्या आजीने, एखाद्या मास्तराने.

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, माझे सांगणे इतकेच. राजेरजवाड्यांच्या सनावळ्या मुलांकडून पाठ करून घेता, त्या घ्या. पण गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे मुलांना एकदा पाठवा. दुष्काळात काय खाल्ले, कोणाच्या राज्यात कोणाला काय सोसावे लागले, ते विचारून वहीत लिहायला सांगा. चांगलेही लिहा, वाईटही लिहा, आणि कर्त्याचे नाव गाळू नका. ती वही म्हणजे गावाचा ‘इतर हक्क’ हा रकाना समजा. उद्या कोणी वारस म्हणून मत मागायला दारात उभा राहिला, तर त्याचे स्वागत करा, पाणी द्या, आणि उतारा पुरा वाचून दाखवा.